ताटापर्यंत न पोचणारी पदवी

काय खावं हे सांगायला पदवी लागते का, हा वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो. निमित्त जवळजवळ ठरलेलं असतं. कुणीतरी लोकप्रिय व्यक्ती मोबाइलच्या पडद्यावरून आहाराचा सल्ला देते, तो ऐकून कुणाचं वजन उतरतं, कुणाची तब्येत बिघडते, आणि मग दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एक फळी म्हणते, माणूस हजारो वर्षं विद्यापीठाशिवाय जेवत आलाय. आणि विद्यापीठांनी तरी कुठे एका वाक्यावर ठाम राहून दाखवलं? काल अंडं वाईट होतं, आज चांगलं आहे. दुसरी फळी म्हणते, आम्ही चार-पाच वर्षं अभ्यास केलाय, आमच्याकडे प्रमाणपत्र आहे, तेव्हा पदवी नसलेल्यांना बोलायला कायद्यानेच बंदी घाला. मी आयुष्यातली बरीच वर्षं आहारशास्त्र शिकवण्यात घालवली, त्यामुळे मी दुसऱ्या फळीत उभं राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण हा वाद दोन्हीकडून भलत्याच मुद्द्यावर लढला जातोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही बाजू भांडतात ते माहिती कुणाकडे आहे यावर. माहिती आता सगळ्यांकडेच आहे. कोणत्या पदार्थात किती प्रथिनं, कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावाने काय होतं, हे शाळकरी मूलही अर्ध्या मिनिटात शोधून काढेल. प्रश्न जबाबदारीचा आहे. समोर बसलेल्या एका माणसाच्या ताटात उद्या सकाळी नेमकं काय पडावं हे ठरवायचं, ते त्याच्या पोटात गेलं का हे बघायचं, आणि आपलं चुकलं असेल तर ते त्याला इजा होण्याआधी ओळखून बदलायचं, हे काम पाठांतराने येत नाही. ते जाणत्या माणसाच्या नजरेखाली, खऱ्या रुग्णापाशी आणि खऱ्या स्वयंपाकघरात शिकावं लागतं. त्यासाठी विद्यापीठ हवंच, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आणि नेमकं हेच शिकवण्यात आपली विद्यापीठं सगळ्यात कमी पडतात, हेही मला तितक्याच ठामपणे म्हणायचं आहे.

आधी विरोधकांचं बळ मान्य करू. पदवीने माणूस शहाणा होतोच असं नाही, आणि याचे इतिहासातले दाखले बोचरे आहेत. १८८२-८३ मध्ये जपानी नौदलाच्या 'र्यूजो' या जहाजावर ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी, म्हणजे पाय लुळे पाडणारा आणि हृदय खचवणारा रोग, झाला आणि २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवलं, फक्त खलाशांचं जेवण बदललं. नुसत्या पांढऱ्या तांदळावर भिस्त न ठेवता मांस, इतर धान्यं आणि दूध दिलं. त्या प्रवासात बेरीबेरीने एकही खलाशी मेला नाही. पुरावा इतका ढळढळीत असूनही जपानच्या भूदलाने तो मानला नाही. भूदलाच्या वैद्यकीय विभागात टोकियोच्या विद्यापीठात जर्मन परंपरेत शिकलेले विद्वान बसले होते, आणि रोग म्हटला की त्यामागे जंतू असलाच पाहिजे हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात त्यांचे हजारो सैनिक बेरीबेरीने मेले. गोळीने नाही, ताटाने मेले. इतकं शिकलेल्या माणसांना समोरचं दिसू नये, हे कशामुळे झालं? शिक्षण कमी पडलं म्हणून नाही. शिक्षणाने त्यांना एकाच खिडकीतून बघायची सवय लावली, म्हणून.

आणि हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये आठवड्याला तीनपेक्षा जास्त अंड्यांचे बलक खाऊ नका असं सांगितलं, आणि २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शनातून कोलेस्टेरॉलवरची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकण्यात आली. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकाराचा दोष स्निग्ध पदार्थांवर टाकून साखरेला झुकतं माप देणारा आढावा लिहिला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे मोजले होते, हे २०१६ मध्ये जुन्या कागदपत्रांतून उघड झालं. म्हणजे विद्यापीठ चुकतं, आणि विकलंही जातं. हे नाकारून जो पदवीची बाजू मांडतो, त्याच्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

पण या चुका उघडकीला कुणी आणल्या, हेही विचारायला हवं. साखर उद्योगाचे कागद अभिलेखागारात बसून वाचले ते विद्यापीठातल्याच संशोधकांनी. भूमध्य सागरी आहारावरचा स्पेनमधला मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या सहभागींची गटवारी काही ठिकाणी नीट यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, झाली नव्हती असं लक्षात आलं, आणि २०१८ मध्ये तो मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापला गेला. बेरीबेरीचंच बघा. ताकाकींचा उपाय बरोबर होता, पण कारण चुकीचं होतं. त्यांना वाटलं प्रथिनं कमी पडतायत. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांनी कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले, पण त्यांना वाटलं तांदळाच्या पिठूळ भागात काहीतरी विष आहे. त्यांच्या जागी आलेल्या खेरित ख्रेइन्स यांनी १९०१ मध्ये सांगितलं की विष कसलं, कोंड्याबरोबर काहीतरी आवश्यक निघून जातंय. ते 'काहीतरी' म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व, हे शुद्ध रूपात हाती यायला १९२६ साल उजाडलं. प्रत्येकाने आधीच्याची चूक दुरुस्त केली, कारण आधीच्याने आपण काय केलं ते तपासता येईल असं लिहून ठेवलं होतं. पडद्यावरचा सल्लागार गेल्या वर्षीचा सल्ला कधी मागे घेतो का? तो फक्त नवा सल्ला देतो.

उपाय माहीत असणं आणि उपाय समजणं यात किती अंतर आहे, हे मला सगळ्यात जास्त लिंबाच्या गोष्टीतून कळलं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरांनी 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतून रक्त येऊन माणूस खंगत जाणारा रोग, झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या पाडून सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने बरे झाले. ब्रिटिश नौदलाने १७९५ पासून लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि स्कर्व्ही जवळजवळ नाहीसा झाला. बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. पुढचा भाग असा की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौदलाने भूमध्य समुद्राकडची पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं घेतली. आंबटपणा भरपूर होता, आणि गुण आंबटपणाचाच आहे अशी समजूत होती. प्रत्यक्षात या लिंबांत क जीवनसत्त्व बरंच कमी. त्यातून रस तांब्याच्या नळ्यांमधून जायचा, साठून राहायचा, असलेलं सत्त्वही संपायचं. तोवर आगबोटींमुळे प्रवास लहान झाले होते, म्हणून हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. १८७५ मध्ये आर्क्टिककडे गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत लोक रस पीत होते आणि तरीही स्कर्व्हीने कोसळत होते. मग तज्ज्ञांनी लिंबाच्या रसावरचाच विश्वास सोडला. हातात आलेलं औषध शंभर वर्षांनी हरवलं, कारण ते का चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 'आजवर सगळे असंच खात आले' किंवा 'मला याने फरक पडला' या आधारावर दिलेला सल्ला नेमका असा असतो. तो चालतो तोवर चालतो. परिस्थिती जरा बदलली की तो का चालेनासा झाला, हे सांगणाऱ्यालाही कळत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आहाराचा सर्वसाधारण सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. भाज्या-फळं खा, साखर-मीठ कमी करा, प्रथिनं पुरेशी घ्या. हे सांगायला खरंच पदवी लागत नाही, आणि आमच्या व्यवसायातल्या लोकांनी या वाक्यांवर मालकी सांगणं सोडून द्यावं. पदवीची गरज तिथे लागते जिथे हा चांगला सल्ला एखाद्या विशिष्ट शरीरात वाईट ठरतो. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या माणसाला भरपूर फळांचे रस प्या असं सांगितलं तर रक्तातलं पोटॅशियम वाढून त्याचं हृदय थांबू शकतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने एका लेखावरून एकदम पालेभाज्यांचा सपाटा लावला, तर के जीवनसत्त्वामुळे औषधाचा असर उतरतो. त्याला पालेभाज्या वर्ज्य नसतात, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं, आणि हा बारीक फरक समजावून सांगणं हेच काम असतं. गाजरासारख्या भाज्यांतलं बीटा कॅरोटीन आरोग्याला चांगलं, असं सगळे समजत होते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर त्याच्या गोळ्यांची चाचणी झाली, १९९४ मध्ये निष्कर्ष आले, आणि गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं.

याहून धक्का देणारं उदाहरण उपाशी माणसाचं आहे. दहा-बारा दिवस पोटात जवळजवळ काही न गेलेला, चाळीस किलोचा माणूस समोर आला तर आपलं मन काय म्हणेल? भरपूर खायला घाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बंदीवासातून सुटलेल्या उपासमारग्रस्तांना लोकांनी मायेने पोटभर खाऊ घातलं आणि त्यातले काही खाल्ल्यावर मेले. उपाशी शरीरात एकदम कर्बोदकं गेली की इन्शुलिन उसळतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये खेचलं जातं. हृदय आणि श्वास अडखळतात. शरीरातलं थायमिन आधीच संपत आलेलं असेल, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ब्रिटनच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जास्त धोका असलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरी द्या. म्हणजे आपल्या चाळीस किलोच्या माणसाला दिवसभरात फक्त ४००. त्याच्या आधी थायमिन. रोज रक्त तपासून मग हळूहळू वाढवत जायचं. शेजारी बसलेली त्याची आई म्हणत असते, अहो, एवढंसंच का देताय, तो किती वाळलाय बघा. त्या आईसमोर ठाम राहणं, तिला ते समजेल अशा शब्दांत सांगणं, आणि तिसऱ्या दिवशी फॉस्फेट घसरलेलं दिसलं तर धावपळ करणं, हे कोणत्या व्हिडिओतून शिकता येईल?

फेनिलकीटोन्युरिया या जन्मजात विकाराचंही तसंच. यात प्रथिनांतला फेनिलॲलनिन हा घटक शरीराला नीट मोडता येत नाही आणि तो रक्तात साठतो. अस्ब्योर्न फोलिंग यांनी १९३४ मध्ये तो ओळखला आणि होर्स्ट बिकेल यांच्या चमूने १९५३ मध्ये दाखवून दिलं की फेनिलॲलनिन कमी असलेल्या आहाराने बाळात सुधारणा होते. पण 'कमी' याचा अर्थ शून्य नव्हे. ते पूर्ण तोडलं तर बाळाची वाढ खुंटते, शरीर स्वतःचंच मांस मोडायला लागतं आणि रक्तातलं प्रमाण उलट चढतं. बाळाच्या खाण्यातल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशोब आठवड्या-आठवड्याला नव्याने मांडावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं मांडत राहावा लागतो.

इतकं सगळं पदवीच्या बाजूने सांगून झाल्यावर आता मला माझ्याच घराकडे बोट दाखवायचं आहे.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी मांडीचं हाड मोडलेल्या एका आजींचा आहार तक्ता घेऊन आली. हुशार मुलगी. १५०० किलोकॅलरी, प्रथिनं वजनाच्या हिशोबाने, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळं चोख. मी विचारलं, "आजींनी काल काय खाल्लं?" तिने तक्ता वाचायला सुरुवात केली. म्हटलं, "हे तू पाठवलंस. त्यांनी खाल्लं काय?" ती गप्प झाली. आम्ही दोघी वॉर्डात गेलो तेव्हा जेवणाचे ट्रे गोळा करत होते. आजींचा ट्रे भरलेलाच होता. तो सरकत्या टेबलावर होता आणि टेबल पलंगाच्या पायथ्याशी. डब्याचं झाकण घट्ट लागलेलं. उजव्या हाताला सलाइन लावलेलं. कवळी कपाटाच्या खणात एका वाटीत ठेवलेली. ऑपरेशनला नेताना काढली ती परत लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन दिवसांत शेजारच्या रुग्णाच्या मुलीने भरवलेलं चार चमचे सूप एवढंच त्यांच्या पोटात गेलं होतं. केसपेपरवर मात्र लिहिलं होतं, 'आहार चालू'.

त्या मुलीची यात काय चूक? आम्ही तिला तीन वर्षांत जीवरसायनशास्त्राची चक्रं शिकवली होती, शेकड्यांनी कोष्टकं पाठ करून घेतली होती. ट्रे परत येताना उघडून बघायचा असतो, हे शिकवलं नव्हतं. अमेरिकी डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय की रुग्णालयात दाखल असलेली माणसं रुग्णालयातच कुपोषित होतात, त्यांची उंची आणि वजनसुद्धा नोंदलं जात नाही आणि कुणाला ते खटकत नाही. त्याला आता अर्धं शतक झालं. डॉक्टरांकडून अपेक्षा करावी, तर अमेरिकेत १९८५ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने वैद्यकीय अभ्यासक्रमात पोषणाचे किमान २५ तास असावेत असं सुचवलं, आणि त्यानंतरच्या पाहण्यांत बहुसंख्य महाविद्यालयं तिथपर्यंतही पोचलेली दिसली नाहीत. म्हणजे रुग्णाच्या ताटाकडे बघण्यासाठी म्हणून जी एक पदवी आहे, ती आमची. तीच तिथे पोचली नाही तर दुसरं कोण पोचणार?

ही पदवी ताटापासून दुरावली कशी, याला इतिहास आहे. आधुनिक आहारशास्त्राचं विद्यापीठीय घर म्हणजे गृहविज्ञान. एलन स्वॅलो रिचर्ड्स या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री, रसायनशास्त्र शिकलेल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९९ पासून लेक प्लॅसिड इथे परिषदा भरवून या विषयाला रूप दिलं. लेना कूपर आणि लुलू ग्रेव्हज यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, क्लीव्हलंडमध्ये अमेरिकन डायटेटिक असोसिएशन ही आहारतज्ज्ञांची संघटना उभी राहिली. त्या पिढीच्या लेखी प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यांत उच्च-नीच नव्हतं. पण बाहेरच्या जगाने हा विषय 'बायकांचा, स्वयंपाकाचा' म्हणून दुय्यम ठरवला, आणि पुढच्या पिढ्यांनी मान मिळवण्यासाठी स्वयंपाकघरच टाकून द्यायला सुरुवात केली. विभागांची नावं बदलली, भांडी गेली, रेणू आले. हा अपमान ज्यांनी सोसला त्यांची तडफड मला समजते. मीही ती अनुभवली आहे. पण त्यातून निघालेला मार्ग चुकीचा होता. शल्यविशारद आपल्या हातांची लाज बाळगत नाही. मग दोनशे माणसांचं मऊ, कमी मिठाचं आणि तरीही चवीचं जेवण एका वेळी कसं रांधायचं, गिळायला त्रास होणाऱ्याला कितपत घट्ट द्रव द्यायचा, हे हाताने करता येण्याची आपल्याला लाज का वाटावी?

लाजेवरचा दुसरा उपाय म्हणजे पदवी लांबवणं. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्याच्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली आहे. समर्थकांचा युक्तिवाद कमजोर नाही. औषधनिर्माण, फिजिओथेरपी यांसारख्या शाखांनी आपल्या पदव्या वाढवल्या, रुग्ण अधिक गुंतागुंतीचे झाले, आणि वॉर्डातल्या चर्चेत डॉक्टरांसमोर बरोबरीने बोलायचं तर अभ्यास सखोल हवा. हे मला पटतं. पण वाढलेली वर्षं जातात कुठे? एखाद्या प्रबंधात, बऱ्याचदा ऐंशी-शंभर जणांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर. आणि दोन वर्षांचं जास्तीचं शुल्क कोण भरू शकतं?

इथे वैद्यकाचा इतिहास लक्षात ठेवावा. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालयं पाहून १९१० मध्ये अहवाल दिला. त्यांचं निदान योग्य होतं: कितीतरी महाविद्यालयांत प्रयोगशाळा नव्हत्या, रुग्णालयाशी संबंध नव्हता, विद्यार्थी रुग्णाला हात न लावता डॉक्टर होत होते. त्या अहवालानंतर वैद्यकीय शिक्षण रुग्णाच्या पलंगाशी जोडलं गेलं, ही त्याची थोरवी. पण कृष्णवर्णीयांच्या सात महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली आणि एका अख्ख्या समाजाला डॉक्टर मिळण्याची वाट अरुंद झाली. आहारशास्त्रात आपण यातला चांगला भाग, म्हणजे रुग्णापाशी जाणं, अर्धवट ठेवतोय आणि दार अरुंद करण्याचा भाग उत्साहाने घेतोय. गरिबाच्या घरात काय शिजतं हे ज्या मुला-मुलींना अनुभवाने ठाऊक असतं, त्यांनाच आधी बाहेर काढणारी पदवी कुणाच्या कामाची?

हा मुद्दा मी भावनेपोटी मांडत नाही. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांना १९१४ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पेलाग्रा या त्वचा, पोट आणि मेंदू बिघडवणाऱ्या रोगाचा शोध घ्यायला पाठवलं, तेव्हा तो संसर्गजन्य आहे असं मानणारे शिकलेले लोक पुष्कळ होते. गोल्डबर्गर अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत गेले आणि त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली: रोग तिथे राहणाऱ्यांना होतो, त्यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. संसर्ग असता तर त्याने असा भेद केला असता का? त्यांनी ताटं पाहिली. पुढे अर्थतज्ज्ञ एडगर सायडनस्ट्रिकर यांना सोबत घेऊन गिरणी कामगारांच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन उत्पन्न आणि खाणं यांची नोंद केली, आणि उत्पन्न घटलं की रोग वाढतो हे दाखवून दिलं. नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाने पेलाग्रा बरा होतो हे १९३७ मध्ये कळलं, पण त्याच्या वीस वर्षं आधी गोल्डबर्गर यांना त्या माणसांना काय मिळत नाही ते कळलं होतं. घराचं भाडं, कामाच्या पाळ्या, चूल कुणाच्या ताब्यात आहे, हे आमच्या अभ्यासक्रमात एखाद्या ऐच्छिक विषयाच्या कोपऱ्यात असतं. माझ्या मते ते जीवरसायनशास्त्राच्या बरोबरीने असायला हवं.

नावाला कायद्याचं संरक्षण असावं का? असावं. ब्रिटनमध्ये 'डायटिशियन' ही उपाधी नोंदणी नसलेल्याला वापरता येत नाही, 'न्यूट्रिशनिस्ट' मात्र कुणीही म्हणवून घेऊ शकतो. हा फरक सामान्य माणसाला ठाऊक नसतो आणि त्याची किंमत तोच मोजतो. पण कायदा फसवणुकीपासून वाचवतो, अडाणीपणापासून नाही. ज्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञाला रुग्णाचं ताट दिसत नाही, त्याच्या नावापुढच्या अक्षरांनी आजींची कवळी खणातून बाहेर येणार नव्हती.

आता कुणी म्हणेल, तक्ता तर यंत्रही बनवतं आणि माणसापेक्षा बिनचूक बनवतं. खरं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तक्ता बनवणं हेच ज्या शिक्षणाचं शिखर होतं, ते आता जायलाच हवं. त्यात वाचलेला वेळ दोन ठिकाणी द्यावा. एक, पुरावा वाचायला शिकवण्यात. २०१९ मध्ये केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकाने २० जणांना संशोधन संस्थेत मुक्कामी ठेवून दोन-दोन आठवडे वेगवेगळा आहार दिला आणि अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खातात असं आढळलं. हा अभ्यास छोटा असूनही वजनदार का, आणि हजारो लोकांना 'गेल्या वर्षी काय खाल्लंत' असं विचारणारा अभ्यास मोठा असूनही ठिसूळ का असू शकतो, हे ज्याला सांगता येत नाही त्याला पदवी देऊ नये. दुसरं ठिकाण अर्थातच वॉर्ड, दवाखाना, वस्ती. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये देखरेखीखालच्या कामाचे सुमारे १००० तास भरावे लागतात, म्हणजे आठवड्याला चाळीस धरले तर पंचवीस आठवडे. तास आहेत. त्या तासांत विद्यार्थी कुणाच्या तरी मागे वही घेऊन उभा असतो की स्वतः निर्णय घेतो आणि त्याचं उत्तर देतो, हे कोण मोजतं?

मी एक बदल सुचवते, आणि तो माझ्या वर्गात करूनही पाहिला आहे. शेवटच्या परीक्षेत आहार तक्त्याला गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याला एक रुग्ण द्यावा आणि तीन दिवस द्यावेत. तिसऱ्या दिवशी परीक्षकाने त्याच्याबरोबर वॉर्डात जावं, ट्रे परत निघण्याच्या वेळी. ट्रेचं झाकण उघडावं. काय उरलंय, का उरलंय, काल त्यावर काय केलं आणि आज त्याने काय फरक पडला, एवढंच विचारावं. त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी टेबल जवळ ओढलं, कवळी लावून घेतली, सलाइन डाव्या हाताला बदलून घेण्याबद्दल परिचारिकेशी बोलली, आणि एकदम भरलेला ट्रे पाठवण्याऐवजी थोडं-थोडं सहा वेळा पाठवायला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी ट्रेमध्ये अर्धं अन्न उरलं होतं. तिने ते वजनकाट्यावर ठेवलं, वहीत लिहिलं, आणि आजींना विचारायला गेली की आज दुपारचं का नको वाटलं.